गवती चहाच्या बाटलीवर मॅरेथॉन धावता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका ताई, वय बेचाळीस, वजन ५८ किलो, जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहेत. साडेपाच तास लागतील असा त्यांचा अंदाज. बाजारातल्या रंगीत पेयांनी पोटात ढवळतं, म्हणून गवती चहा, आलं आणि तुळस यांचा बिनदुधाचा चहा गार करून बाटलीत न्यायचं त्यांच्या मनात आहे. ग्रुपमधल्या कुणी रूइबॉस सुचवला, कुणी जास्वंदीचा चहा. मुलगा सोळा वर्षांचा, तालमीत जातो; त्यालाही हेच दिलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, चालेल, पण नुसता चहा नको. त्यात साखर आणि मीठ घालावं लागेल, आणि अंदाजाने न घालता मोजून घालावं लागेल. धावपटूंच्या आणि पैलवानांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करतोय. बाटलीत कोणती वनस्पती आहे यावर लोक तासन्‌तास बोलतात, मीठ किती आहे हे मात्र क्वचितच कुणी सांगू शकतं. तुमच्या साडेपाच तासांत खरा फरक त्या मिठानेच पडणार आहे.

आधी घामाचा हिशेब करू. तासाला अर्धा लिटर ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. अंगकाठी, वेग, ऊन आणि दमटपणा यांवर ते ठरतं. घामाच्या एका लिटरमधून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं अर्धा ग्रॅम, तर काहींचं पावणेदोन ग्रॅमपर्यंत. तुमच्या वेगाने तासाला आठशे मिली घाम धरला, तर शर्यत संपेपर्यंत साडेचार लिटरच्या आसपास पाणी आणि चारेक ग्रॅम सोडियम अंगातून गेलेलं असेल. चार ग्रॅम सोडियम म्हणजे दहा ग्रॅम मीठ, चहाचे जवळजवळ पावणेदोन चमचे. एवढं सगळं धावतानाच भरून काढायची गरज नसते, पण त्यातला काही भाग तरी परत जायला हवा. गवती चहाच्या कपात सोडियम जवळपास शून्य असतं, तुळशीच्या चहात तेच, रूइबॉसमध्येही तेच.

साखरेचं काम दुहेरी आहे. ती स्नायूंना इंधन देते हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत ओढतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावला मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्याच्या काही वर्षं आधी, १९६५ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या संघासाठी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस असं मिश्रण केलं. तेच पुढे गेटोरेड झालं. म्हणजे ज्या रंगीत पेयाने तुमच्या पोटात ढवळतं, त्याचा गाभा लिंबूसरबताचाच आहे. रंग, तीव्र आंबटपणा आणि वास काढून टाकला की बऱ्याच जणांचं पोट शांत राहतं. तुमच्या चहाचा खरा उपयोग इथे आहे: घोटाघोटाने साडेपाच तास पीत राहावंसं वाटेल अशी चव तो देतो. ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. पेय कागदावर कितीही उत्तम असलं तरी तिसाव्या किलोमीटरला तोंडाजवळ नेववत नसेल तर ते बाटलीतच राहतं.

रूइबॉसबद्दल. ही दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग डोंगररांगांमधली वनस्पती, चव छान, कॅफीन अजिबात नाही. तिच्यावर थेट आपल्या प्रश्नाचाच एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पैलवानांच्या अंगातलं पाणी वजनाच्या तीन टक्क्यांइतकं मुद्दाम उतरवलं आणि नंतर त्यांना रूइबॉस चहा, साधं पाणी किंवा साखरेचं क्रीडापेय दिलं. पाणी भरून काढण्यात रूइबॉस साध्या पाण्यापेक्षा सरस ठरला नाही. वाईटही ठरला नाही. बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या कुठल्याही चहाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो: तो पाण्याइतकाच चांगला. ‘चहाने लघवी होते, म्हणून पाणी कमी होतं’ ही भीतीही सोडा. नेहमीच्या प्रमाणातला साधा काळा चहासुद्धा शरीरात जवळपास पाण्याइतकाच टिकतो.

आता तुम्हाला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट. पहिली मॅरेथॉन, लहान चण, साडेपाच तासांचा वेग आणि बाटलीत बिनमिठाचं पेय, या चार गोष्टी एकत्र आल्या की मला तहानेपेक्षा अतिपाण्याची काळजी जास्त वाटते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं आढळलं. त्यात शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेले, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे ठळकपणे होते. वेगवान धावपटूला प्यायला सवडच मिळत नाही. हळू धावणारा प्रत्येक टेबलापाशी थांबतो, स्वयंसेवक प्रेमाने पेला पुढे करतो आणि तो ‘पाणी कमी पडू नये’ म्हणून पीत जातो. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं जड होणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली की आणखी पाणी पाजणं धोक्याचं असतं. तेव्हा थेट वैद्यकीय तंबू गाठायचा. एक लक्षात असू द्या: मीठ घातलेलं पेयसुद्धा घामापेक्षा जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतंच, कारण त्यातलं मीठ रक्ताच्या मानाने पातळ असतं. म्हणून तहान लागेल तसं प्या, आणि आपला घाम किती जातो हे आधीच मोजून ठेवा.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. एखाद्या रविवारी तासभर धावण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. वजन नऊशे ग्रॅम उतरलं आणि मध्ये चारशे मिली प्यायला असाल, तर तासाचा घाम १.३ लिटर. तुमच्या शर्यतीच्या वेगाने आणि मुंबईच्याच हवेत हे दोन-तीनदा करा. पुण्यातल्या पहाटेचा आकडा मरीन ड्राइव्हवर चालत नाही. टोपीवर आणि काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील, घाम डोळ्यांत गेल्यावर फार चुरचुरत असेल, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे असं समजा.

आता कृती. एक लिटर पाण्याला गवती चहाची सहा-सात पाती कात्रीने कापून, अर्धा इंच आलं ठेचून आणि हवी तर तुळशीची पाच-सात पानं. उकळी आली की गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं. फार उकळत ठेवलं तर वास उडून जातो आणि कडसरपणा राहतो. गाळून कोमट असतानाच ६० ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाव चमचा, विरघळवा. पूर्ण गार झाल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. यात लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम आणि सहा टक्के साखर येते. क्रीडापेयात हीच पातळी धरतात, कारण आठ टक्क्यांच्या वर साखर गेली की पोटातून पेय हळू पुढे सरकतं आणि पोट जड वाटतं. पांढरे पट्टे उमटणाऱ्यांनी मीठ दोन ग्रॅम करावं. आलं इंचभर घालायचा मोह टाळा. घरी बसून जे खमंग लागतं त्याने धावताना छातीत जळजळते.

साखरेऐवजी गूळ चालतो. त्यातही मुख्यतः तीच साखर असते, ओलावा आणि थोडे क्षार जास्त, म्हणून सत्तर ग्रॅम घ्या. सैंधव घातलं तरी ते सोडियम क्लोराइडच आहे. आवडत असेल तर घाला, प्रमाण तेवढंच. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ मात्र या बाटलीत नको. मध घातला तर पोट आधी तपासा, काहींना त्यातल्या जास्तीच्या फ्रुक्टोजने धावताना मुरडा येतो.

हे पेय तासाला चारशे-पाचशे मिली म्हणजे तीसेक ग्रॅम साखर. अडीच तासांपर्यंतच्या धावण्यात तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पुरतात, म्हणजे तुम्ही खालच्या टोकाला आहात. पुढच्या तासांसाठी दर तासाला दोन-तीन खजूर सोबत ठेवा. अडचण वेगळीच आहे: अडीच-तीन लिटर चहा कमरेला बांधून कुणी धावत नाही. त्यावर माझा उपाय पुड्यांचा. घरी दळलेली साखर ३०० ग्रॅम आणि मीठ साडेसात ग्रॅम घ्या, त्यात चिमूट-दोन चिमूट सुंठ आणि वाळवलेल्या पुदिन्याची पूड घालून चाळणीतून दोनदा काढा, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं बसतं. त्याच्या दहा पुड्या करा. पहिली अर्ध्या लिटरची बाटली गवती चहाची न्या. ती संपली की पाण्याच्या टेबलावर बाटली भरून त्यात एक पुडी. विकतची पिठीसाखर नको, तिच्यात अनेकदा स्टार्च मिसळलेलं असतं. घरचं कुणी वाटेत उभं राहणार असेल तर दुसरी गार बाटली त्यांच्या हाती द्या. शर्यतीच्या दिवशी यातलं काहीही पहिल्यांदा व्हायला नको. शेवटच्या चार लांब धावांत हीच बाटली, हीच पुडी, हाच खजूर.

चहा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो. साखर घातलेलं पेय उन्हात गाडीत राहिलं की आंबतं, तेव्हा दुपारी उरलेलं ओतून टाका. बाटलीचं बूच आणि चोखायची नळी ब्रशने घासून धुवा. धावपटूंच्या ‘पेय सोसत नाही’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा बुरशी धरलेलं बूच निघतं.

कोकणातलं माहेर असेल तर आणखी एक वाट आहे. कोकम आगळात मीठ आधीच असतं, आंबटपणा जिभेला लिंबापेक्षा मऊ लागतो आणि दमट हवेत ते पिववतं. पण प्रत्येक घरच्या आगळात मीठ वेगळं, म्हणून पातळ करून चव घेऊन मगच वरचं मीठ ठरवा. व्यक्तिशः मला मुंबईच्या हवेत गवती चहापेक्षा आगळाचं पाणी जास्त पटतं.

वनस्पतींचे स्वतःचे गुण किती उपयोगाचे? पुदिन्यातला मेंथॉल तोंडातल्या गारवा जाणवणाऱ्या नसांना चेतवतो. उन्हात त्याने बरं वाटतं आणि थोडं जास्त वेळ टिकाव धरता येतो, असं प्रयोगांत दिसलंय. मात्र शरीराचं तापमान त्याने उतरत नाही. ‘गार वाटतंय’ म्हणून वेग वाढवलात तर आतून तापत राहाल, हे पुदिना वापरणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो. आल्याचा फायदा धावताना कमी, नंतर जास्त: रोज दोन ग्रॅम आलं अकरा दिवस घेतलेल्या मंडळींचं व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं साधारण पाव हिश्शाने कमी झालं होतं. तुळस आणि गवती चहा यांच्याकडून मी चव आणि वास यापलीकडे काही मागत नाही.

‘जास्वंदीचा चहा’ म्हणून जे लाल वाळलेलं मिळतं ते बहुतेक अंगणातल्या जास्वंदीचं नसून लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. इजिप्त-सुदानमध्ये ते रोज पितात. त्याने रक्तदाब थोडा उतरतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शर्यतीच्या तोंडावर ते सुरू करू नका, घामाने पाणी कमी झालेलं असताना चक्कर येऊ शकते. याच्या उलट ज्येष्ठमध. घशासाठीच्या तयार काढ्यांत तो हमखास असतो, आणि रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढवतो, पोटॅशियम उतरवतो. लांब अंतराच्या धावपटूच्या बाटलीत त्याला जागा नाही.

पाकिटांवर ‘अँटिऑक्सिडंट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यासाठी पैसे मोजू नका. व्यायामात पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो आणि अँटिऑक्सिडंट तो शमवतात; पण हाच ताण स्नायूंना बळकट व्हायची सूचना देतो. २००९ मधल्या एका अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सोबत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना व्यायामाचे काही फायदे मिळेनासे झाले होते. कपभर चहात एवढी मात्रा नसते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. अर्कांच्या गोळ्या मात्र नकोत.

गरम की गार? विदर्भातल्या कोरड्या उन्हात गरम चहा प्यायल्याने थंडावा मिळतो हा जुन्या माणसांचा अनुभव खोटा नाही. कॅनडात सायकल चालवणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात गरम पेयाने घाम इतका वाढला की तो वाळताना शरीरात साठलेली उष्णता उलट कमी झाली. अट एकच, घाम वाळला पाहिजे. मुंबईत तो वाळत नाही, नुसता गळतो. तिथे गारच प्या.

आता मुलाविषयी. त्याच्या वयोगटात मॅटवरची कुस्ती चार मिनिटांची. मॅटवर उतरण्याआधी क्रीडापेयाने काही साधत नाही. संध्याकाळी तालमीत दोन तास घाम गाळतो तेव्हा, आणि स्पर्धेच्या दिवशी दोन कुस्त्यांच्या मध्ये, वरची बाटली त्याला उपयोगी पडेल. सरावानंतर मात्र चहा नको. कोल्हापूरच्या तालमींत कुंडीत बदाम, खसखस घोटून दुधातली थंडाई करतात, ती त्याच्यासाठी कितीतरी सरस. दुधात प्रथिनं, साखर, सोडियम, पोटॅशियम सगळं असल्याने ते शरीरात पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. वेगवेगळ्या तेरा पेयांच्या तुलनेत दूध थेट ओआरएसच्या पंक्तीला बसलं होतं.

वजनगटात बसण्यासाठी ‘स्लिमिंग’ किंवा ‘डिटॉक्स’ चहा घ्यायची पद्धत मुलांमध्ये शिरलीय, तिच्यावर तुमची नजर असू द्या. त्यात बहुतेक वेळा सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, उतरतं ते पाणी आणि पोटॅशियम. चरबी तिथेच राहते. मुलगा वजन भरतो आणि मॅटवर पायांत गोळे घेऊन उतरतो. सोळाव्या वर्षी, वाढीच्या वयात, हे करायला लावणारा कुणी असेल तर त्याच्याशी भांडा. लघवी वाढवणारी औषधं तर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत.

तो राज्य पातळीच्या पुढे गेला तर उत्तेजक चाचणी येईल, आणि तिथे ‘ते आयुर्वेदिक होतं’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. एफेड्रा ही वनस्पतीच आहे आणि तिच्यातलं एफेड्रिन स्पर्धेत प्रतिबंधित. २०१७ पासून प्रतिबंधित यादीत हायजेनामाइन हे वनस्पतींत सापडणारं द्रव्य नावानिशी आहे, आणि ते टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत असतं. ही आपल्या गुळवेलीची बहीण, दिसायला इतकी सारखी की २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाला दोन्हींतला फरक जाहीरपणे सांगावा लागला. म्हणून खेळाडूला गुळवेलीचा चहा द्यायचा तर वेल ओळखीची हवी. सुट्टी पूड नको. ताकदीसाठी गोखरूच्या चहाचीही जाहिरात असते. प्रशिक्षित रग्बी खेळाडूंना गोखरू देऊन पाहिलं, ताकद वाढली नाही.

शेवटचं तुम्हा दोघांसाठी, पण तुमच्यासाठी विशेष. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं डाळी, भाकरी, पालेभाज्या यांतलं लोह शोषू देत नाहीत, आणि हे काळ्या चहापुरतं नाही. पुदिन्याच्या चहानेही शोषण बरंच घटतं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्ताल्पता आहे, त्यात लांब धावणाऱ्या बाईचं लोह आणखी खर्च होतं. तेव्हा सरावाच्या काळात कुठलाही चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवा, आणि जेवताना पानात लिंबाची फोड घ्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) या आठवड्यातच तपासून घ्या. फेरिटिन कमी निघालं तर डॉक्टरांकडून लोहाची मात्रा आताच ठरवून घ्या, कारण साठा भरायला महिने लागतात आणि जानेवारी फार लांब नाही.